गवत कुणी पेरतं का?

वाचकाचं पत्र

आम्ही सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात राहतो. घरामागे तीन एकर मुरमाड उताराचं पडीक रान आहे, विहिरीखाली वीस गुंठे बागायत आहे आणि घरापुढे दोन गुंठे मोकळी जागा. दावणीला दोन संकरित गाई, एक खिलार गाय आणि पंधरा शेळ्या आहेत. दिवाळीपासून पर्यटकांसाठी दोन खोल्या सुरू करायच्या आहेत, म्हणून पुढे लॉन आणि मागे कुरण करायचं मनात आहे. त्यासाठी पंधरा हजार बाजूला काढलेत. मोबाइलवर 'सर्व जमिनींसाठी गवताचं बी' आणि 'सुपर नेपियरचं बी' अशी पाकिटं दिसतात. एकच चांगलं बी घेतलं तर दोन्हीकडे चालेल का? सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते हसतात. म्हणतात, गवत कुणी पेरतं का! जूनच्या आत काय मागवू ते सांगा. आणि लॉनवर शेळ्या गेल्या तर काय करायचं, तेही सांगा.

उत्तर

ताई, त्या नेपियरच्या पाकिटाची ऑर्डर अजून दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर रद्द करा आणि मग पुढचं वाचा.

संकरित नेपियर हा बाजरी आणि नेपियर गवताचा संकर. बाजरीत गुणसूत्रं १४, नेपियरमध्ये २८, आणि संकरात २१. विषम आकडा आला की जोड्या लागत नाहीत, त्यामुळे बी धरत नाही. घोडी आणि गाढवाच्या पोटी खेचर जन्मतं, ते मरमर राबतं, पण त्याचा वंश पुढे चालत नाही. हे गवतातलं खेचर आहे. 'सुपर नेपियर' असो नाही तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'फुले जयवंत', लागवड ठोंबांनी किंवा दोन-तीन डोळ्यांच्या कांड्यांनीच होते. मग पाकिटात असतं काय? माझ्याकडे दाखवायला आणलेल्या एका पाकिटात निव्वळ बाजरी निघाली. त्या गृहस्थांनी दोन किलो बाजरीला जे पैसे मोजले त्यात घरच्या भाकरीचं वर्षभराचं पीठ झालं असतं.

बागायतीतल्या वीसपैकी दहा गुंठ्यांत नेपियर लावा. तीन फूट बाय दोन फुटांवर एक ठोंब धरला तर साधारण अठराशे ठोंब लागतील. कुणा ओळखीच्या दूधवाल्याच्या रानातून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून आणा. पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी आणि नंतर दर दीड महिन्याला. संकरित गाईचं दूध माळावर चरून निघत नाही, ते या दहा गुंठ्यांतूनच निघणार. राहिलेल्या जागेत थोडा लसूण घास करा. तो मात्र बियाण्यानेच होतो, आणि घेताना एकच गोष्ट विचारा: बी अमरवेलमुक्त आहे का? अमरवेलीचं बी लसूण घासाच्या बियात मिसळून येतं आणि एकदा आलं की पिवळ्या दोऱ्यांचं जाळं सगळा वाफा गिळतं. राहुरीची 'आरएल-८८' ही जात आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली आहे, ती बघा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एकच बी लॉनला आणि कुरणाला चालेल का?

याचं उत्तर बाजरी खाणाऱ्या माणसाला आवडेल अशा एका गोष्टीतून देते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन नावाच्या पैदासकाराने आयुष्य काढलं. भारतातली पहिली संकरित बाजरी, १९६५ची 'एचबी-१', उभी राहिली ती त्याच केंद्रातल्या 'टिफ्ट २३ ए' या वाणाच्या आधारावर. याच माणसाने हरळीवरही काम केलं. हो, आपली बांधावरची हरळी, म्हणजेच दूर्वा. १९४३मध्ये त्याने 'कोस्टल' नावाची हरळी दिली, उंच वाढणारी, गाईगुरांसाठी कापून वाळवायची. आणि १९६०मध्ये 'टिफवे', बारीक पानाची, बुटकी, खेळाच्या मैदानांसाठी. दोन्ही हरळीच्याच वंशातली, पैदासकार एकच, आणि दोन गवतं एकमेकांच्या जागी कुचकामी. कुरणाच्या गवताने उंच व्हायचं असतं, पाला धरायचा असतो, तोडलं तरी परत उठायचं असतं. लॉनच्या गवताने जमिनीलगत राहायचं असतं, उंच झालं की तो त्याचा दोष. शिवाय या दोन्हींची लागवडही बियाने होत नाही, काशांनी म्हणजे मुळं धरणाऱ्या तुकड्यांनीच होते.

थंड देशांतल्या गवतांत हा फरक जिवावर बेततो. परदेशी 'लॉन सीड'च्या पाकिटात फेस्क्यू, रायग्रास, ब्लूग्रास अशी नावं असतात. यातल्या फेस्क्यू आणि रायग्रासच्या लॉनसाठीच्या काही जातींत बियाच्या आतच एक सूक्ष्म बुरशी मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यामुळे किडी गवताला तोंड लावत नाहीत, लॉन हिरवंगार राहतं. तेच गवत जनावराच्या पोटात गेलं तर फेस्क्यूने दूध आटतं, खूर सडतात, आणि रायग्रासने जनावर लटपटत चालतं. आपल्याकडे ती गवतं मुळात एप्रिल-मे काढतच नाहीत, हिवाळ्यात दोन महिने मिरवतात आणि होळीला सुकतात. 'सर्व जमिनींसाठी' असं ज्या पाकिटावर लिहिलंय ते माणच्या मुरमासाठी नाही, एवढं नक्की समजा.

आता अण्णांकडे येऊ. अण्णा अर्धे बरोबर आहेत, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे.

देशातल्या गवताळ रानांची जी वर्गवारी १९७३मध्ये झाली, तिच्यात दख्खनचं पठार पवन्या आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येतं. म्हणजे तुमच्या उतारावरचं खरं मालकीचं गवत पवन्या आहे, खोलगट भारी जमिनीत मारवेल, आणि जिथे चराई फार झाली तिथे कुसळी. अति चराईत गोड गवत आधी जातं, कारण जनावर तेच आधी खातं. पवन्या संपतो, कुसळी राहते, मग तीही जाते आणि तरवड नि गाजर गवत उरतं. (गाजर गवत नावालाच गवत, जनावरं त्याच्या वाटेला जात नाहीत.) तुमचा उतार या जिन्यावर कितव्या पायरीला आहे, ते बी मागवण्याआधी बघा. उतारावर चालून दर दहा पावलांना पायाखाली काय आहे ते वहीत मांडा: गवत, तण की उघडा मुरूम. शंभर वेळा मांडलं की चित्र स्पष्ट होतं. निम्म्याहून जास्त ठिकाणी गवताचे बुडखे असतील तर तिथे बी टाकू नका. दोन पावसाळे जनावर आत सोडू नका, कापून आणा, आणि शेवटची कापणी बी झडल्यावर करा. गवत परत येतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात हिवरे बाजार गावाने हेच केलं. चराईबंदी आणि पाणी अडवणं ही कामं गावाने नेटाने धरली आणि डोंगर पुन्हा गवताने भरला.

म्हणून पंधरा हजारांतला मोठा वाटा कुंपणाला, चरांना आणि मजुरीला ठेवा. वरच्या टोकाकडून समपातळीत चर काढा. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या उतारावर बी वाहून जातं, गवत नाही.

जिथे खरंच उघडा मुरूम आहे, समजा तिनातला एक एकर, तिथे पेरा. कमी पावसाच्या हलक्या जमिनीत मी अंजन गवत आणि स्टायलो ही जोडी सांगते. (अंजन म्हणजे खानदेशात डोंगरावर दिसतो तो वृक्ष नव्हे, नावच तेवढं एक आहे.) अंजन दुष्काळ काढतं, खोल मुळं धरतं, चराईही सोसतं. झाशीच्या भारतीय चराई व चारा संशोधन संस्थेची 'बुंदेल अंजन-१' आणि जोधपूरच्या काझरी या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेची 'मारवाड अंजन' या जाती ओळखीच्या. स्टायलो हे शेंगावर्गीय, हवेतलं नत्र जमिनीत आणणारं, आणि शेळ्या त्यावर तुटून पडतात. राहुरीची 'फुले क्रांती' मिळाली तर तीच घ्या. एकराला दीड किलो अंजन आणि दीड किलो स्टायलो पुरे. चरांच्या खालच्या बाजूला, जिथे ओल टिकते, तिथे 'फुले मारवेल-०६-४०' किंवा 'मारवेल-८'चे मुळासकट ठोंब लावा. मारवेल बियाने रखडतो, ठोंबाने जोम धरतो.

आता बी कसं पारखायचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच मी स्वतः फसले.

गवताचं बी म्हणजे गहू-ज्वारी नव्हे. अंजनाची पिशवी उघडली की आत कापसासारखं लवदार फुसफुस दिसतं. ते बी नाही, तो बियाचा अंगरखा. आत दाणा असेलच असं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका दुकानातून पाच किलो अंजन आणलं, मोठ्या हौसेने पेरलं, आणि ऑगस्टपर्यंत रोज सकाळी जाऊन वाकून बघत राहिले. उगवलं ते लव्हाळा आणि कुर्डू. उरलेली चिमूट तळहातावर चोळून बघितली तेव्हा कळलं, दहा बोंडांत दोन दाणे. दोष दुकानदाराचा होताच, पण चोळून बघायला मला आधी कुणी अडवलं होतं? तेव्हापासून नियम ठेवलाय: पैसे देण्याआधी चिमूटभर बी हातावर चोळायचं, फुंकर मारायची, आणि जे हातावर उरेल ते मोजायचं.

दुसरं, पिशवीवरचं लेबल वाचायचं. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, पांढरा पायाभूत, पिवळा पैदासकार, आणि हिरवा सत्यप्रत. गवतांच्या बाबतीत निळा टॅग क्वचित दिसतो, बहुतेक माल सत्यप्रत म्हणजे विकणाऱ्याच्या शब्दावरचा. तरी शुद्धतेची टक्केवारी, उगवणीची टक्केवारी, लॉट नंबर आणि तपासणीची तारीख त्यावर असायलाच हवी. नसेल तर पिशवी खाली ठेवा.

ही दोन टक्केवारी गुणून बघायची सवय लावा. एका पिशवीवर शुद्धता ८० आणि उगवण ३० असेल तर किलोमागे जिवंत बी फक्त २४० ग्रॅम. दुसरीवर ९० आणि ५० असेल तर ४५० ग्रॅम. पहिली पाचशे रुपये किलो आणि दुसरी आठशे असली, तर पहिलीत जिवंत बी किलोला दोन हजारांच्या वर पडलं आणि दुसरीत पावणेअठराशेला. महागडी पिशवी स्वस्त निघाली. आणि पेरताना पहिलीचं बी जवळपास दुप्पट टाकावं लागणार, ते वेगळंच.

तिसरी गोष्ट गव्हाच्या उलट आहे. अंजनाचं अगदी ताजं बी झोपलेलं असतं, कापणीनंतर काही महिने ते उगवायला तयारच होत नाही. मागच्या हंगामाचं, कोरड्या जागी ठेवलेलं बी जूनमध्ये जास्त खात्रीचं. स्टायलोची तऱ्हा वेगळी, त्याचं टरफल कडक असतं, पाणीच आत जात नाही. तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पाणी मिसळलं की साधारण ८० अंश होतं. बी कापडात बांधून त्यात चार मिनिटं धरा, काढून रात्रभर थंड पाण्यात ठेवा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. चार म्हणजे चारच मिनिटं, तेवढ्यात फोनवर बोलायला जाऊ नका.

पेरण्याआधी दोन्ही बियांचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरीच उगवण बघा. हे मे महिन्यातच करा म्हणजे दुसरं बी आणायला वेळ राहील.

अंजनाची पेरणी म्हणजे वाऱ्याशी भांडण. ती बोंडं हातातून सुटतच नाहीत, सुटली तर शेजारच्या रानात जातात. ओलसर बारीक माती, शेण आणि थोडी वाळू मिसळून त्यात बी घोळा, छोट्या गोळ्या करा, सावलीत वाळवा. मुंग्यांपासूनही बी वाचतं. पहिला वळीव होऊन गेला आणि मृगाच्या पावसाने वाफसा आला की उताराला आडव्या, दीड-दोन फुटांवरच्या उथळ ओळींत टाका. बी नखाच्या जाडीपेक्षा खोल जायला नको. वरून बाभळीची काटेरी फांदी ओढली की पुरे. उतार नांगरू नका, नांगरलात तर पहिल्याच मोठ्या पावसात तुमचा मुरूम ओढ्यात आणि ओढा तळ्यात.

पहिल्या वर्षी शेळ्या आत सोडायच्या नाहीत. कोवळं गवत शेळीच्या ओढण्याने मुळासकट उपटून येतं. दुसऱ्या पावसाळ्यात आत सोडण्याआधी गवत मुठीत धरून ओढून बघा. पात तुटली तर सोडा, मुळासकट हातात आलं तर अजून थांबा. आणि कुसळी असेल तिथली कापणी फुलोऱ्यावर येताच करा. कुसळं धरली की ती मेंढीच्या लोकरीत, शेळीच्या ओठात आणि माणसाच्या पायमोज्यात सारख्याच प्रेमाने शिरतात. ओल लागली की ते कुसळ पीळ सोडत-आवळत स्क्रूसारखं आत घुसतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला एवढं लवकर का दिसतं, हे माळावर फिरलेल्या माणसाला बरोबर कळतं.

आता लॉन. पाकिटावर 'बर्म्युडा ग्रास' असं दिसलं असेल. ती हरळीच आहे, ताई. जिच्या काशा वेचण्यात अण्णांच्या कितीतरी उन्हाळ्यांचं पाणी झालं, तीच आता पाकिटातून विकत मिळते. त्यांना हे सांगाल तेव्हा मी तिथे हवी होते. पण गंमत सोडली तर माणसारख्या उन्हात, कमी पाण्यात आणि पर्यटकांच्या चपलांखाली टिकणारं दुसरं गवत मला सुचत नाही. रोपवाटिकेत मिळणारे तलम गालिचे फोटोत सुंदर, पण त्यांना पाणी आणि कापणी दोन्ही नेमाने लागतं, आणि बरेचदा त्यांच्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी फुकटात येतात.

बियाने करायचं असेल तर दोन गुंठ्यांना पाऊण ते एक किलो सोललेलं बी पुरतं. बी इतकं बारीक की किलोत चाळीस लाखांच्या आसपास दाणे, म्हणून चौपट वाळूत मिसळून अर्धं पूर्व-पश्चिम आणि अर्धं दक्षिण-उत्तर फेकायचं. माझं मत विचाराल तर बीही घेऊ नका. विहिरीच्या पाटाजवळ बारीक पानाची, दाट, बसकी हरळी कुठे दिसते ते बघा. पावसाच्या तोंडाला तिचे मुळंधारी तुकडे अर्ध्या वितीच्या अंतरावर टोचा. तीन महिन्यांत जमीन झाकते, दिवाळीचे पाहुणे येईपर्यंत एक-दोन कापण्याही होतात.

त्याआधी एक काम आत्ता करा. जागा खणून, पाणी देऊन पंधरा दिवस सोडून द्या. लव्हाळा उगवेल, तो गाठीसकट काढा. पुन्हा पाणी द्या, पुन्हा काढा. मगच पोयटा आणि नीट कुजलेलं शेणखत. कच्चं शेणखत टाकलंत तर गाईने वर्षभर खाल्लेल्या प्रत्येक तणाची ओळख लॉनवर होईल. झाडाखाली हरळी येणार नाही, तिला सावली सोसत नाही. तिथे फरशी टाका, बाक ठेवा.

शेळ्यांचं विचारलंत. हरळी शेळ्यांना आवडते आणि त्यांनी ती खाल्ली तर काही बिघडत नाही, लॉन थोडं असमान कापलं जाईल एवढंच. पण लॉनवर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलं असेल, युरिया नुकताच फेकला असेल, तर त्यांना तिथे अजिबात जाऊ देऊ नका, आणि कापलेलं गवतही दावणीत टाकू नका. फवारणी करायचीच नाही असं ठरवलंत तर पंधरा शेळ्यांपैकी दोन रोज संध्याकाळी अर्धा तास पुढे बांधा, शहरातून आलेली पोरं त्यांच्याभोवतीच घुटमळतील. फक्त गुलाबाच्या कुंड्या तेवढ्या आधी पडवीत उचलून ठेवा.